लेकरांचा बिशप : कोमेनियस

मागच्या नाताळाआधी आमच्या मंडळीने शब्बाथ शाळेच्या बालवर्गासाठी थोडी पुस्तके घ्यावीत असे ठरवले आणि निवडीचे काम आमच्याकडे दिले. आम्ही मोठ्या उत्साहाने दुकानात गेलो. जी पुस्तके आणली त्यांत प्रत्येक गोष्टीच्या शेवटी बोध होता, अक्षर बारीक होते आणि चित्रे इकडेतिकडे एखादे. वाचायला बसलो तेव्हा तिसऱ्या पानापर्यंत लेकरे एकमेकांच्या वेण्या ओढू लागली. एका चार वर्षांच्या मुलीने घरून एक फाटके पुस्तक आणले होते. त्यात एका पानावर बेडूक, दुसऱ्यावर बदक, तिसऱ्यावर गाढव, आणि मजकूर जवळजवळ नाहीच. तिने ते उघडले मात्र, सगळा वर्ग डरांव डरांव करू लागला. आम्ही तिला ते पुस्तक पिशवीत ठेवायला सांगितले. तिने ठेवले. वर्ग पुन्हा शांत झाला, पण ती शांतता ऐकणाऱ्यांची नव्हती, कंटाळलेल्यांची होती, हे आम्हाला घरी जाताना कळले.

त्या आठवड्यात आम्ही कोमेनियस पुन्हा वाचायला घेतला. शिक्षकी पेशातल्या आपल्या बंधुभगिनींना हे नाव अपरिचित नाही. ट्रेनिंग कॉलेजच्या पुस्तकात रूसो, पेस्टालोझी, फ्रोबेल यांच्या रांगेत ते एका परिच्छेदात येते आणि परीक्षा झाली की विसरले जाते. पण हा मनुष्य मुळात पाळक होता, देशोधडीला लागलेल्या एका प्रॉटेस्टंट मंडळीचा बिशप होता, आणि लहान मुलांच्या हाती चित्रांचे पुस्तक देणाऱ्यांत त्याचा मान पहिला आहे, हे तो परिच्छेद सहसा सांगत नाही. म्हणून त्यांचे चरित्र येथे थोडे विस्ताराने देत आहोत.

योहान आमोस कोमेन्स्की यांचा जन्म २८ मार्च १५९२ रोजी मोराव्हिया प्रांताच्या आग्नेय भागात झाला. हा प्रांत आज झेक प्रजासत्ताकात आहे. कोमेनियस हे त्यांच्या आडनावाचे लॅटिन रूप. तीन गावे आजही आपणच त्यांचे जन्मगाव असल्याचे सांगतात. त्या वादात आपण पडायला नको. आईबाप ‘बंधूंची एकता’ या मंडळीचे सभासद होते. यान हुस याला १४१५ साली जाळून मारल्यानंतर त्याच्या अनुयायांतून १४५७ मध्ये ही मंडळी उभी राहिली, म्हणजे लूथरच्याही साठ वर्षे आधी. मंडळी लहान, पण तिने पवित्र शास्त्राचे झेक भाषांतर सहा भागांत छापून काढले होते. घरोघरी लोक आपल्या भाषेत शास्त्र वाचत. अशा घरात हा मुलगा वाढला.

वाढला म्हणायचे, पण बाराव्या वर्षाच्या सुमारास आईवडील दोघेही गेले, दोन बहिणीही गेल्या. पोरका योहान आत्याकडे राहू लागला. त्याच्या शिक्षणाकडे लक्ष द्यायला कोणी नव्हते. चांगल्या शाळेत, प्रेरोव येथे, त्याचा प्रवेश झाला तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. लॅटिन व्याकरणाच्या वर्गात आठ-दहा वर्षांच्या पोरांबरोबर हा मिसरूड फुटलेला मुलगा बसे. त्या काळी शिकणे म्हणजे व्याकरणाचे नियम पाठ करणे. ज्या भाषेत नियम सांगितलेले, ती भाषाच मुलाला येत नसे. चुकले की छडी. लहान मुलाला हे सारे सोसावे लागते, पण का सोसावे लागते हे त्याला सांगता येत नाही. योहान मोठा होता, म्हणून त्याला ते दिसले आणि पुढे सांगताही आले. उशिरा शाळेत गेल्याचा हा एक लाभ म्हणावा लागेल.

मंडळीने त्याची बुद्धी पाहून त्याला जर्मनीत हेर्बोर्न व हायडेलबर्ग येथे पाठवले. हेर्बोर्न येथे असतानाच, १६१२ मध्ये, त्याने आपल्या मातृभाषेच्या शब्दांचा एक मोठा कोश करायला घेतला. हा कोश ध्यानात ठेवावा; पुढे त्याचा विषय येणार आहे. हायडेलबर्गला त्याने खगोलशास्त्रज्ञ कोपर्निकस याच्या ग्रंथाचे मूळ हस्तलिखित विकत घेतले आणि मग पायी चालत मायदेश गाठला. गमतीची गोष्ट अशी की, पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे कोपर्निकसचे मत त्याला कधीच पटले नाही.

१६१६ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. १६१८ मध्ये फुल्नेक गावची मंडळी आणि शाळा त्यांच्याकडे सोपवण्यात आली. त्याच वर्षी मॅग्डालेना नावाच्या मुलीशी त्यांचा विवाह झाला आणि त्याच वर्षी, प्राग शहरात, युरोपाला तीस वर्षे जाळणाऱ्या युद्धाची ठिणगी पडली. ८ नोव्हेंबर १६२० रोजी प्रागजवळ प्रॉटेस्टंट सरदारांचा मोड झाला. पुढच्या वर्षी फुल्नेक लुटले गेले. पाळकाला पकडण्याचा हुकूम निघाल्यामुळे कोमेनियस यांना घर सोडून लपावे लागले. ते लपलेले असतानाच, १६२२ मध्ये, पत्नी आणि दोन्ही लहान मुले साथीत वारली. धाकट्या बाळाला तर बापाने धड पाहिलेही नसावे. पुढच्या वर्षी त्यांची पुस्तके फुल्नेकच्या चौकात जाळण्यात आली.

तीस-एकतीस वर्षांचे वय. घर नाही, बायको नाही, लेकरे नाहीत, ग्रंथ नाहीत. एका सरदाराच्या आश्रयाने राहून त्यांनी त्या दिवसांत झेक भाषेत एक रूपकथा लिहिली. तिच्यात एक यात्रेकरू जगाच्या चक्रव्यूहातून हिंडतो आणि शेवटी आपल्या अंतःकरणात परत येतो, जिथे प्रभू त्याची वाट पाहत असतो. बनियनच्या ‘यात्रेकरूच्या प्रवासा’ची ज्यांना गोडी आहे त्यांनी हे ध्यानात घ्यावे की, ही रूपकथा त्याच्या अर्धशतक आधीची आहे.

१६२४ मध्ये त्यांनी दुसरा विवाह केला. पण बादशहाने प्रॉटेस्टंट लोकांना एकच पर्याय ठेवला, धर्म बदला किंवा देश सोडा. फेब्रुवारी १६२८ मध्ये, ऐन हिवाळ्यात, कोमेनियस कुटुंब डोंगर ओलांडून पोलंडमधील लेश्नो येथे गेले. त्यांना वाटत होते, वर्षा-दोन वर्षांत परत जाऊ. ते पुन्हा कधीही मायदेशात राहायला गेले नाहीत.

लेश्नोला त्यांनी शाळेत शिकवायला सुरुवात केली आणि १६३१ मध्ये लॅटिन शिकण्याचे एक पुस्तक काढले. सुमारे आठ हजार शब्द एक हजार वाक्यांत गुंफून, एकेका विषयाभोवती मांडलेले. व्याकरणाचे नियम आधी आणि वस्तू मागून, ही रीत त्यांनी उलटी केली. पुस्तक युरोपभर गेले, अनेक भाषांत उतरले, आणि एका परागंदा पाळकाचे नाव राजेरजवाड्यांना कळले. परंतु लहान मुलांना ते जड जाते हे सर्वांत आधी कबूल केले ते स्वतः लेखकानेच. त्यांनी त्याच्या आधी वाचायचे आणखी एक सोपे पुस्तक केले. तेही पुरेसे सोपे नव्हते. सोपे कसे करावे हा प्रश्न त्यांनी पुढे वीस वर्षे सोडला नाही.

याच काळातले त्यांचे एक छोटे पुस्तक आहे, आईच्या मांडीवरच्या शाळेविषयीचे. ते झेक भाषेत लिहिले, पण १६३३ मध्ये आधी जर्मन भाषेत छापले गेले. जन्मापासून सहाव्या वर्षापर्यंत मुलाची शाळा म्हणजे त्याचे घर, आणि मास्तरीण म्हणजे त्याची आई, असे धरून त्यांनी ते लिहिले आहे. बालमंदिरे निघण्यास अजून दोनशे वर्षे अवकाश होता. त्यात ते आईला सांगतात की मुलाशी बोला, त्याच्याबरोबर खेळा, त्याला प्राण्यांच्या गोष्टी सांगा, तालात म्हणायची गाणी म्हणा. अर्थ कळला नाही तरी कानाला गोड लागले की काम झाले. चार-पाच वर्षांच्या मुलाच्या हाती खडू किंवा कोळसा द्या आणि रेघोट्या ओढू द्या. चित्रे दाखवा. प्रार्थना शिकवा, पण लहान, त्याच्या तोंडात मावेल एवढी. हे लिहिताना त्यांच्या घरात पुन्हा लहान मुली होत्या. आम्हाला वाटते, पहिल्या दोन लेकरांसाठी जे करता आले नाही तेही या पानांत असावे. पण तसे त्यांनी कोठे म्हटलेले नाही, हा आमचा तर्क आहे.

मधली वर्षे आपण झपाट्याने ओलांडू. १६४१ मध्ये लंडनच्या विद्वानांनी त्यांना बोलावले. तिथे यादवी सुरू झाली आणि बेत फसला. स्वीडनच्या सरकारने शाळांची पुस्तके लिहून घेण्यासाठी आश्रय दिला, तेव्हा सहा वर्षे एल्बिंग येथे काढली. मोठ्या आशेने ते वाट पाहत होते की युद्ध संपेल तेव्हा तहात आपल्या लोकांना घरी जाता येईल. १६४८ मध्ये तह झाला. त्यात बोहेमिया-मोराव्हियाच्या बंधूंसाठी काहीही नव्हते. त्याच वर्षी दुसरी पत्नी वारली, आणि त्याच वर्षी मंडळीची मुख्य जबाबदारी त्यांच्या खांद्यावर आली. देश नसलेल्या कळपाचे ते मेंढपाळ झाले. त्या कळपातली लेकरे आता पोलिश आणि जर्मन बोलत वाढत होती.

१६५० मध्ये हंगेरीतील शारोशपाटक गावाहून झुझाना लोरान्त्फी नावाच्या विधवा राणीसाहेबांनी व त्यांच्या मुलाने आपली शाळा सुधारण्यासाठी त्यांना बोलावले. राणीसाहेब धर्मशील, उदार बाई. कोमेनियस यांनी सात वर्गांची योजना आखली. प्रत्यक्षात तीन वर्ग निघाले. मुले आळशी, शिक्षक त्याहून आळशी, अशी त्यांची तक्रार होती. तेव्हा त्यांनी आपले धडे नाटकांच्या रूपात मांडले आणि मुलांना ती करायला लावली. यावर कुरकूर झाली. शाळेत नाटक म्हणजे जेझुइट लोकांची रीत, आपल्या सुधारलेल्या मंडळीत हा खेळखंडोबा कशाला, असे काही सहकाऱ्यांचे म्हणणे होते. ही कुरकूर आमच्या ओळखीची आहे. बेडकाचे पुस्तक पिशवीत ठेवायला सांगताना आमच्या मनात तीच होती. पण शेवटी परवानगी मिळाली, नाटके झाली, आणि जी पोरे तोंड उघडत नव्हती ती लोकांसमोर घडाघडा बोलू लागली.

याच गावी त्यांनी ‘ऑर्बिस सेन्सुअलियम पिक्टस’ हे पुस्तक तयार केले. नावाचा अर्थ, इंद्रियांना कळणारे जग, चित्रांत. लोक त्याला नुसते ‘ऑर्बिस पिक्टस’ म्हणू लागले. दीडशे धडे, आणि प्रत्येक धड्याच्या माथ्यावर एक चित्र. चित्रातल्या वस्तूंवर बारीक आकडे घातलेले आणि खालच्या मजकुरात त्या त्या शब्दाशेजारी तोच आकडा. चित्रात तीन या आकड्यावर बोट ठेवले की मजकुरात तीन शोधायचा; तिथे त्या वस्तूचे नाव. मजकूर दोन रकान्यांत, एकात लॅटिन, दुसऱ्यात मुलाची बोली. दोन भाषा शेजारी शेजारी बसलेल्या, आणि वर चित्र, जे कोणत्याच एका भाषेचे नाही. आमच्या बेळगावकडे मूल घरी मराठी बोलते, गल्लीत कानडी ऐकते आणि शाळेत इंग्रजी शिकते. इंदूर, बडोदे, हैदराबाद येथल्या मंडळ्यांतही तीच तऱ्हा असणार, फक्त भाषा वेगळ्या. अशा लेकराला चित्र किती आधार देते हे तिथल्या शिक्षकांना आम्ही सांगायला नको.

पुस्तक उघडताच एक म्हातारा गुरुजी एका मुलाला बरोबर चलण्यास बोलावतो. मग अक्षरे येतात. आपल्याकडे अंकलिपीत बदकातला ब आणि गवतातला ग असतो. वस्तूच्या नावातले पहिले अक्षर. कोमेनियस यांनी तसे केले नाही. त्यांनी प्रत्येक अक्षराला एक आवाज दिला, आणि तो आवाज काढणारा जीव शेजारी चित्रात बसवला. कावळा ओरडतो तो आ. मेंढरू ओरडते तो ब. रडणारे तान्हे बाळ ए. वारा वाहतो तो फ. हंसी ग, तोंडाने हातावर वाफ सोडली की ह. अस्वल गुरगुरते तो म, चिडलेला कुत्रा र, साप स, आणि रात्री घुबड ऊ. म्हणजे अक्षर ओळखण्याआधी मुलाने तोंड उघडून तो आवाज काढायचा. आता जरा कल्पना करा, सतराव्या शतकातल्या एका वर्गात, जिथे कालपर्यंत छडीखाली व्याकरण पाठ होत होते, तिथे वीस पोरे घुबड आणि अस्वल होऊन ओरडत आहेत, आणि हा अभ्यास आहे! साठीकडे झुकलेल्या, दोन बायका आणि दोन लेकरे पुरलेल्या, देश गमावलेल्या बिशपाने हे पान केले.

त्यानंतर देवाविषयीचा धडा, मग जग, आकाश, अग्नी, पाणी, ढग, झाडे, पक्षी, जनावरे. मग माणूस आणि माणसाची कामे: रोटी भाजणारा, मध काढणारा, मासे धरणारा, विणकर, चांभार, सुतार, गवंडी, न्हावी, छापखाना. मुलांच्या खेळांचेही एक स्वतंत्र पान आहे. त्यात भोवऱ्याला चाबकाने फिरवणारे मूल आहे, उंच काठ्यांवर चालणारे आहे, झोक्यावर झुलणारे आहे. खेळ हा शिकण्याच्या पुस्तकात घेण्याजोगा विषय आहे असे त्यांना वाटले, याचे आम्हाला राहून राहून अप्रूप वाटते. आत्म्याचे चित्र कसे काढावे? तेही त्यांनी टाळले नाही. माणसाची आकृती नुसत्या ठिपक्यांनी काढली. आहे, पण धरता येत नाही. शेवटी न्यायाचा दिवस येतो, आणि पहिल्या पानावरचा म्हातारा गुरुजी मुलाचा निरोप घेतो.

सगळीच पाने सारखी चांगली आहेत असे आम्ही म्हणणार नाही. सद्गुणांची पाने कोरडी आहेत. हातात तराजू घेतलेल्या बायका पाहून कोणते लेकरू रमेल? गुन्हेगारांच्या शिक्षांचे एक पान आहे, ते आज आम्ही कोणत्याही बालकाला दाखवणार नाही. इतर धर्मांविषयीची पाने त्यांच्या काळाच्या समजुतीबाहेर गेलेली नाहीत. परंतु पुस्तक कसे वापरावे याविषयी त्यांनी प्रस्तावनेत जे सुचवले ते आजही जुने झालेले नाही. मुलाला शाळेत घालण्याआधीच हे पुस्तक घरी त्याच्या हाती द्यावे आणि चित्रे हवी तशी पाहू द्यावीत. मग हे काय, ते काय, असे विचारावे. जे चित्रात आहे ते शक्य तर प्रत्यक्ष दाखवावे. रंग आणि चवी शाईने छापता येत नाहीत, त्या खऱ्याच दाखवाव्यात. त्याला चित्रे पाहून स्वतः काढावीशी वाटली तर काढू द्यावीत, नव्हे, त्यासाठी उत्तेजन द्यावे. शाळा म्हणजे छळ हा समज मुलाच्या मनात शिरण्याआधीच गोडी शिरावी, हा त्यांचा हेतू होता.

पुस्तक तयार झाले, पण शारोशपाटकला चित्रे कोरणारा कारागीर नव्हता. त्या काळी चित्र अक्षरांबरोबर एकाच दाबात छापायचे तर ते लाकडी ठोकळ्यावर कोरावे लागे. रेषा उंच ठेवून बाकीचे लाकूड तासून काढायचे, म्हणजे ठोकळा खिळ्यांच्या शेजारी बसतो आणि दोन्हींना एकदमच शाई लागते. तांब्याच्या पत्र्यावरचे चित्र अधिक नाजूक येते, पण ते वेगळे छापावे लागते, आणि मग पुस्तक महाग होते. असे दीडशे ठोकळे कोरणे हे काम हंगेरीतल्या खेड्यात होण्यासारखे नव्हते. म्हणून काम जर्मनीत न्युरेंबर्ग शहरी मिखाएल एन्टर नावाच्या छापखानदाराकडे गेले. वर्षे लोटू लागली. कोमेनियस १६५४ मध्ये लेश्नोला आपल्या मंडळीत परत आले.

एप्रिल १६५६ मध्ये, पोलंड आणि स्वीडन यांच्या युद्धात, लेश्नो शहर जाळण्यात आले. कोमेनियस कुटुंब जिवानिशी बाहेर पडले. घर गेले, ग्रंथसंग्रह गेला, आणि बहुतेक हस्तलिखिते गेली. त्यांत तो कोश होता. हेर्बोर्नला विशीच्या उंबरठ्यावर सुरू केलेला, चव्वेचाळीस वर्षे शब्द शब्द वेचून भरलेला, आपल्या मातृभाषेचा कोश. ज्या भाषेच्या लोकांना देशच उरला नव्हता, त्यांच्यासाठी निदान शब्द तरी जपून ठेवावेत असा तो प्रयत्न असावा. या नुकसानीचे दुःख मरेपर्यंत सरणार नाही असे त्यांनी लिहून ठेवले आहे.

लेकरांचे पुस्तक मात्र वाचले. ते न्युरेंबर्गच्या हाती गेलेले होते. गावात एक लाकूड कोरणारा मिळाला असता तर काय झाले असते, हा विचार आमच्या मनातून जात नाही.

येथे एक गोष्ट सांगणे आम्हाला भाग आहे, कारण थोर माणसांचे चरित्र लिहिताना त्यांच्या चुका झाकण्याची आपल्याला सवय आहे. लेश्नोवर जो कोप झाला त्याला बंधूंनी स्वीडनच्या राजाची बाजू घेतली हेही एक कारण होते, आणि त्या राजाची स्तुती करणारे लिखाण खुद्द कोमेनियस यांनी केले होते. शिवाय त्या काळच्या काही स्वयंघोषित संदेष्ट्यांच्या भाकितांवर त्यांनी भाबडेपणाने विश्वास ठेवला. बादशाही लवकरच पडेल आणि आपण घरी जाऊ, असे ती भाकिते सांगत. ती त्यांनी छापूनही काढली. त्यांचे मित्रही यामुळे अवघडले, आणि पुढे पुष्कळ वर्षे विद्वान लोक याच कारणासाठी त्यांची टिंगल करीत राहिले. घरी जाण्याची आशा माणसाला काय काय खरे मानायला लावते!

आश्रयदात्या द गीर कुटुंबाने त्यांना आम्स्टरडॅम येथे बोलावून घेतले. १६५८ मध्ये न्युरेंबर्गहून ‘ऑर्बिस पिक्टस’ अखेर लॅटिन व जर्मन भाषांत बाहेर पडले. पुढच्याच वर्षी लंडनच्या चार्ल्स हूल नावाच्या शिक्षकाने ते इंग्रजीत आणले. १६६६ मध्ये चार भाषांची आवृत्ती निघाली. दोनशे वर्षे हे पुस्तक पुन्हा पुन्हा छापले जात राहिले. शंभर वर्षांनंतर लहानाचा मोठा झालेला कवी गटे याने आपल्या आठवणीत लिहिले आहे की, त्याच्या बाळपणी मुलांसाठी म्हणून केलेली पुस्तके जवळजवळ नव्हती, हे एक होते.

कोमेनियस यांच्या मते त्यांचे मोठे काम वेगळेच होते. सर्व ज्ञान एका सूत्रात गोवून, सर्व राष्ट्रांची भांडणे मिटवून, साऱ्या मानवजातीची सुधारणा कशी करावी याचा सात भागांचा ग्रंथ ते शेवटपर्यंत लिहीत होते. तो अपुरा राहिला. त्याचे हस्तलिखित हाले या शहरी विसाव्या शतकात सापडले. ज्याला ते बालकांसाठी केलेले किरकोळ काम समजत, तेच घराघरांत गेले.

हे सारे वाचून आम्ही ती आणलेली पुस्तके दुकानदाराला परत करायला गेलो. त्याने परत घेतली नाहीत, बदली मात्र करून दिली. या खेपेला आम्ही निवडण्याची रीत बदलली. पुस्तक हातात घेतले की मजकूर न वाचता नुसती चित्रे चाळायची. गोष्ट चित्रांतूनच थोडीफार कळली तर पुढे जायचे. पानावर मुलाला बोट ठेवून नाव घेता येईल असे काही आहे का ते पाहायचे: मांजर, बादली, आजीचा चष्मा. आणि मग दुकानातच, लाज सोडून, दोन पाने मोठ्याने वाचायची. जिथे वाचणाऱ्याच्या तोंडाला काही करायला मिळते, म्हशीसारखे हंबरणे, आगगाडीसारखे धापा टाकणे, एखादा शब्द पुन्हा पुन्हा येणे, ते पुस्तक घ्यायचे. दुकानदार आमच्याकडे पाहत होता खरा. पाच पुस्तके आणली. त्यांतल्या दोहोंत बोध आहे, तिहींत नाही. पुढच्या रविवारी त्या मुलीला तिचे बेडकाचे पुस्तकही आणायला सांगितले. तिने विचारले, काका, पिशवीत ठेवायला का वर्गात उघडायला? आम्ही उघडायला म्हटले. ते पुस्तक आम्हाला त्या सकाळी चार वेळा वाचावे लागले, कारण लहान लेकरे एकदा आवडलेले पुस्तक बदलू देत नाहीत. कंटाळा आला तो आम्हाला.

कोमेनियस १५ नोव्हेंबर १६७० रोजी आम्स्टरडॅम येथे प्रभूमध्ये निजले. जवळच्या नार्डेन गावी, फ्रेंच बोलणाऱ्या मंडळीच्या मंदिरात त्यांना पुरले. त्यांची कबर आज तिथे आहे, आणि झेक व स्लोव्हाक लोक त्यांचा जन्मदिवस, २८ मार्च, शिक्षकदिन म्हणून पाळतात. त्यांचा नातू याब्लोन्स्की हाही बिशप झाला. मोराव्हियातून लपतछपत आलेल्या बंधूंनी जर्मनीत हेर्नहुट येथे १७२२ मध्ये नवी वसाहत केली, तेव्हा तिच्यातल्या पहिल्या बिशपाला १७३५ साली याच नातवाने दीक्षा दिली. त्या मंडळीचे मिशनरी पुढे जगभर गेले. १८८५ मध्ये आपल्या देशात लडाखच्या लेह गावी त्यांनी ठाणे उभारले, आणि तिथली मोराव्हियन मंडळी व शाळा आजही आहे.

त्यांच्या स्वतःच्या भाषेतल्या लेकरांच्या हाती मात्र त्यांचे चित्रांचे पुस्तक त्यांच्या हयातीत आले नाही. जर्मन मुलांनी ते वाचले, इंग्रज, फ्रेंच, इटालियन मुलांनी वाचले. झेक रकाना घातलेली आवृत्ती लेवोचा या गावी छापली गेली ती १६८५ साली, लॅटिन, जर्मन आणि हंगेरियन यांच्या शेजारी. तोवर कोमेनियस यांना जाऊन पंधरा वर्षे झाली होती.